ओळीच्या टोकाचे आकडे

खैरुन्निसा तांबोळींच्या, म्हणजे आपांच्या, डोळ्यांत काहीतरी बिघडलंय, हे मनिषाच्या ध्यानात आलं ते चहा गाळताना. आपांनी कपावर गाळणी धरली, वरून चहा ओतला, आणि निम्मा चहा बशीतून ओट्यावर वाहिला तरी त्या ओततच राहिल्या. मनिषानं हात धरला तेव्हा थांबल्या. हल्ली कडेचं नीट दिसत नाही म्हणाल्या आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागल्या. पुसली ती कोरडी बाजू. ओली तशीच राहिली.

चौऱ्याण्णव सालचा उन्हाळा होता. आपा बारामतीत उर्दू शाळेवर चौथीला शिकवायच्या. नवरा लवकर गेलेला, पदरी मूलबाळ नाही. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात त्या आणि मनिषा अशा दोघीच राहायच्या. मनिषा त्यांच्या नात्यातली नव्हती. ती मोरगावाकडच्या एका वाडीतली, धनगराची. तिचे वडील बापूसाहेब पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे आणि दरसाल खतासाठी आपांच्या वडिलांच्या रानात मेंढरं बसवायचे, एवढीच काय ती ओळख. पुढं मेंढरं गेली, बापूसाहेब बाजरी-ज्वारी करायला लागले, पण येणंजाणं राहिलं. मनिषा दहावी झाली आणि घरात लग्नाची बोलणी निघाली, तेव्हा आपा स्वतः एसटीनं वाडीवर गेल्या आणि पोरीला माझ्याकडं ठेवा, कॉलेजात घालते, असं सांगून आल्या. बापूसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पोरीची पेटी आणून आपांच्या दारात ठेवली.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात सगळीकडं वातावरण तापलं, तेव्हा वाडीतल्या लोकांनी बापूसाहेबांना टोचून टोचून बेजार केलं. पोरगी तिथं कशाला, म्हणाले. ते बारामतीला आले, ओसरीवर बसून चहा प्यायले, बाजरीचं एक ठिकं ठेवलं आणि पोरीला न नेताच परत गेले. त्या घरात मनिषानं बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि हिंदुरावांच्या छापखान्यात नोकरीला लागली. हिंदुरावांनी लग्नपत्रिकांसाठी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवणारं गावात फारसं कुणी नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी आपांना काचबिंदू सांगितला. थेंब रोज घाला, म्हणाले, पण गेलेली नजर परत येत नसते. थेंबांनी फक्त जाण्याचा वेग कमी होईल. परतीच्या एसटीत आपा खिडकीशी बसल्या होत्या. मोरगाव मागं पडलं. मग शाळेत सांगू नकोस, एवढंच म्हणाल्या.

शाळेत सांगायचं नाही यामागं कारण होतं. आपांचं अक्षर. उर्दूत काही छापून घ्यायचं तर जवळपास सोय नव्हती, म्हणून शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका आपा हातानं लिहायच्या. मेणाच्या स्टेन्सिलवर टोचणीनं अक्षर काढायचं आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. चौथीच्या स्कॉलरशिपच्या सराव परीक्षेची त्यांची पत्रिका तर इंदापूरच्या उर्दू शाळेतसुद्धा जायची. वर्गात शिकवताना डोळ्यांची उणीव झाकता येते. तीस वर्षांचे धडे तोंडपाठ होते, पोरांना आवाजावरून ओळखायच्या. पण स्टेन्सिलवर झाकणार कसं? त्या उन्हाळ्यातल्या वार्षिक परीक्षेच्या पत्रिकेत एक ओळ सरळ दुसरीच्या अंगावर चढली. आपांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, स्टेन्सिल सरकली.

मनिषाला वाटलं, आपांना टाइप करता आलं तर काम भागेल. बोटांना कळपाट, म्हणजे कळांच्या जागा, पाठ होतो, त्याला डोळे लागत नाहीत, आणि यंत्र ओळ वाकडी जाऊ देत नाही. पण छापखान्यातल्या त्या कॉम्प्युटरला उर्दू येत नव्हतं. मराठी यायचं, इंग्रजी यायचं, दोन्ही डावीकडून उजवीकडं. उजवीकडून सुरू होणारी ओळ त्याला माहीतच नव्हती. तेव्हा मनिषा आपांना म्हणाली, "मी लिहिते तसा प्रोग्रॅम. चार-दोन महिन्यांत होईल."

चोवीस वर्षांची होती. कशाला हात घालतोय याची तिला कल्पना नव्हती.

पहिल्यांदा अक्षरं. उर्दू अक्षर एकटं असतं तेव्हा एक रूप, शब्दाच्या सुरुवातीला दुसरं, मध्ये आलं की तिसरं, शेवटाला चौथं. कुणी पुढच्याला धरतं, कुणी धरत नाही. आपा जे वळणदार, उतरत्या ओळीचं अक्षर लिहायच्या ते तर पडद्यावरच्या ठिपक्यांत बसवणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून तिनं सरळ ओळीवर बसणारं साधं वळण घेतलं. आलेखाच्या कागदावर चौकटी भरून एकेक रूप काढायचं, आपांनी ते डोळ्याशी धरून बघायचं, नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, वर पाहिजे, पोट मोठं झालं, असं सांगायचं. तो सगळा पावसाळा त्यात गेला. आणि प्रत्येक महिन्याला आपा कागद डोळ्याच्या आणखी जवळ धरत होत्या.

मग ओळ. एक अक्षर दाबलं की आधीची अक्षरं उजवीकडं राहायला पाहिजेत आणि नवीन डावीकडं यायला पाहिजे. मनिषानं यावर तिच्या मते सोपी युक्ती काढली. पडद्यावर ओळ जशी दिसायला हवी तशीच, म्हणजे उलटी करून, ती आत साठवायची. पण खोडायची कळ दाबली की भलतंच अक्षर उडायचं. मध्येच एखादा शब्द घालायचा म्हटलं की सगळी ओळ विस्कटायची. कंस उघडायच्या जागी मिटायचा. आणि आकडे! उर्दू उजवीकडून डावीकडं चालते, पण त्यातले आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडं. म्हणजे एकाच ओळीत शब्दांची वाट एकीकडं आणि आकड्यांची दुसरीकडं. आकड्यांसाठी तिनं वेगळं ठिगळ लावलं. एक ठिगळ लावलं की दुसरीकडं उसवायचं.

हे काम करायला तिला दुपार तेवढी मिळायची. हिंदुराव जेवायला घरी जायचे आणि छापखाना तासभर बंद असायचा. त्या तासातही वीज जायची आणि केलेलं काम जायचं. हिंदुराव मनानं वाईट नव्हते, पण लग्नसराईत यंत्र गुंतवून ठेवलेलं त्यांना खपत नव्हतं. मनिषाताई, या भाषेचं आपल्याला एक गिऱ्हाईक दाखवा, असं ते वरचेवर म्हणायचे. वाडीवरून सारजाबाईंचे, तिच्या आईचे, निरोप यायचे. नात्यातली पोरं उजवली, बरोबरच्या पोरींना लेकरं झाली. चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं दीड वर्ष होत आलं.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर पहिलं पान छापून निघालं. ठिपक्यांच्या छपाईतलं, थोडं ओबडधोबड, पण उर्दू. जोडलेली अक्षरं, सरळ ओळी. आपांनी कागद नाकाशी धरला. मग कळपाटावर बोटं ठेवून शिकायला बसल्या. रविवारी छापखाना बंद असायचा, हिंदुरावांकडून किल्ली मागून घ्यायची आणि मनिषानं त्यांना हाताला धरून न्यायचं. महिन्याभरात त्या पडद्याकडं न बघता टाइप करायला लागल्या. पडद्याकडं बघून तसंही त्यांना काही दिसत नव्हतं.

जानेवारीत स्कॉलरशिपची सराव परीक्षा होती. गणिताची पत्रिका आपांनी स्वतः टाइप केली. मनिषानं ती दोनदा तपासली, पण तिला उर्दू वाचता येत नव्हतं. अक्षरांची रूपं तिनं शेकडो वेळा काढली होती, शब्द मात्र कळायचे नाहीत. तिनं ओळी सरळ आहेत का, नुक्ते जागेवर आहेत का, ते बघितलं. मजकूर आपांनी बघितला. कागद डोळ्याशी धरला, बोट फिरवत गेल्या आणि ठीक आहे म्हणाल्या. त्याच दिवशी एक गठ्ठा शाळेत गेला आणि एक एसटीनं इंदापूरला.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक घरी आले. मनिषा नुकतीच छापखान्यातून आली होती. मुख्याध्यापक म्हणजे शांत, भल्या स्वभावाचा माणूस. त्यांनी चहा नको म्हटलं. त्यांनी पत्रिका काढली आणि आपांच्या हातात दिली.

"बाई, सातवा प्रश्न जरा वाचून दाखवता?"

आपांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि स्वच्छ आवाजात उर्दूत प्रश्न म्हटला. अहमदच्या टोपलीत अठ्ठेचाळीस आंबे होते, त्यातले निम्मे त्यानं बहिणीला दिले, तर किती उरले.

मुख्याध्यापक खाली बघत म्हणाले, "कागदावर चौऱ्याऐंशी लिहिलंय, बाई."

आपांचा कागद धरलेला हात हळूहळू मांडीवर आला.

बाकीचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. एकाच नव्हे, बऱ्याच प्रश्नांत असं झालं होतं. काही आकडे बरोबर, काही उलटे. एका ठिकाणी दीडशेच्या जागी आधी शून्य, मग पाच, मग एक. त्या आकड्याचं काय करायचं म्हणून पोरं हात वर करून बसली होती. इंदापूरच्या शाळेनं निरोप पाठवला होता की आमची पोरं रडकुंडीला आली. पण पत्रिका चुकण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. चुका होतात. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते विचारायची आता गरज उरली नव्हती. आपा पाठ केलेलं म्हणत होत्या. समोरचा कागद त्यांना दिसत नव्हता.

मुख्याध्यापक उठले तेव्हा आपा म्हणाल्या, "मी उद्या अर्ज देते. तुमाला काही म्हणावं लागू नये."

ते गेल्यावर मनिषानं पत्रिका घेतली आणि दिव्याखाली धरली. तिला उर्दू येत नसलं तरी आकडे येत होते. मुख्याध्यापकांनी खुणा केलेले उलटे आकडे सगळे ओळीच्या टोकाला होते. ओळ भरली की तिचा प्रोग्रॅम शेवटचा शब्द उर्दू अक्षरांच्या चालीनं पुन्हा मांडत होता, आणि तो शब्द आकडा असला तर आकडाही त्याच चालीनं उलटा पडत होता. दीड वर्षात तिनं एकदाही ओळीच्या टोकाला आकडा टाकून बघितलं नव्हतं.

"आपा, माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळं पत्रिका चुकली," आपा म्हणाल्या. "डोळे मी लपवले. पोरांपुढं आंधळी उभी राहत होते आन् कुणाला कळू देत नव्हते. ते माझंच हाय."

आपांनी दोष दिला असता तर मनिषाला सोसलं असतं.

आपा आधी वैद्यकीय रजेवर गेल्या आणि जूनमध्ये मुदतीआधीच निवृत्त झाल्या. सकाळी शाळेची घंटा गल्लीत ऐकू यायची. त्या वेळेला त्या घरात उगाच काहीतरी हलवत राहायच्या. डबे खाली काढायच्या, परत वर ठेवायच्या. एकदा मनिषा घरी आली तर त्या ओसरीवर बसून रिकाम्या हवेत बोटं चालवत होत्या. कळपाटावरची अक्षरं. तिची चाहूल लागताच त्यांनी हात पदराखाली घेतले.

मनिषाला वेडच लागायची पाळी आली. प्रोग्रॅम बिनचूक करून शाळेत नेऊन द्यायचा, मग आपांना निदान पत्रिकांच्या कामाला तरी बोलावतील, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती. आकड्यांचं ठिगळ तिनं उसवलं, नवं लावलं. तिथं बरोबर झालं तर कंस बिघडले. कंस लावले तर उर्दूत एखादा इंग्रजी शब्द आला की ओळीची तीन तुकड्यांत खिचडी व्हायची. जेवणाकडं लक्ष नाही, छापखान्यात पत्रिकांवर नावं चुकायला लागली. एका लग्नपत्रिकेवर नवरीच्या बापाच्या जागी मामाचं नाव गेलं, आणि हिंदुरावांनी सांगून टाकलं की यापुढं यंत्रावर दुसरं काही चालायचं नाही. तिनं हातापाया पडून दुपारचा अर्धा तास मागून घेतला.

त्याच सुमाराला बापूसाहेब आले. इंदापूरचं स्थळ होतं. मुलगा नागेश, तहसील कचेरीत कारकून, शिकलेली मुलगी चालेल म्हणणारा. मनिषा म्हणाली, मला आणखी वर्ष द्या. बापूसाहेब तिच्यावर कधी ओरडले नव्हते, तेव्हाही ओरडले नाहीत.

"पोरी, तू किती वाळलीस ते बघितलंस का?" ते म्हणाले. "हे काय काम हाय ते मला कळत न्हाय. पर ह्यानं कुणाचंच भलं व्हताना दिसत न्हाय."

आपा आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी बापूसाहेबांना सांगितलं की स्थळ पक्कं करा. मनिषा त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही.

लग्नाची तारीख दिवाळीनंतरची ठरली. हातात पावसाळा उरला. आणि त्या पावसाळ्यात, अगदी साध्या प्रसंगातून, तिला चूक कुठं होती ते कळलं. ती पाटावर कागद घेऊन बसली होती आणि तपासायला एक वाक्य हवं होतं म्हणून आपांना म्हणाली, काहीतरी सांगा. आपा बोलत गेल्या, शब्दामागून शब्द, मध्ये आकडा, पुन्हा शब्द. मनिषा ऐकता ऐकता थांबली. बोलण्याला उजवं-डावं नसतं. आधी आणि नंतर एवढंच असतं. ती मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्याला दिसतं तसं साठवत आली होती. कानाला ऐकू येतं तसं साठवायला हवं होतं, बोलल्या क्रमानं, आणि उजवं-डावं फक्त दाखवताना ठरवायचं. मग ओळ कुठंही तुटो, आकडा आकडाच राहिला असता.

तिला आनंद झाला नाही. ती कागदावर डोकं टेकून रडली. हे जानेवारीआधी सुचलं असतं तर!

सगळं काम मोडून पहिल्यापासून लिहावं लागलं. अक्षरांची रूपं तेवढी जुनी राहिली. लग्नाला थोडे दिवस उरले असताना तो प्रोग्रॅम उभा राहिला. आकडे ओळीच्या टोकाला टाक, मध्ये टाक, इंग्रजी शब्द घाल, मधलंच अक्षर खोड, सगळं जिथल्या तिथं. तीच गणिताची पत्रिका तिनं पुन्हा काढली, फ्लॉपी घेतली आणि शाळेत गेली.

मुख्याध्यापकांनी बसवून घेतलं, पत्रिका शेवटपर्यंत वाचली आणि एकही चूक नाही म्हणाले. मग जरा ओशाळून त्यांनी टेबलाच्या खणातून एक सीडी काढली. कुणाचा तरी भाचा पुण्याहून घेऊन आला होता. तयार उर्दूचं सॉफ्टवेअर, आणि अक्षर थेट कातिबाच्या, म्हणजे सुंदर अक्षरात लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या, हातासारखं वळणदार, उतरत्या ओळीचं. शाळेला कॉम्प्युटरही मिळाला होता आणि एका नव्या शिक्षकानं काम हातात घेतलं होतं. त्यांनी छापलेलं एक पान तिला दाखवलं. मनिषानं ते धरून बघितलं. तिच्या ओबडधोबड ठिपक्यांपुढं ते फार सुंदर होतं. आकडे सगळे सुलटे होते.

"आपांना पत्रिका काढायला तरी बोलवाल का, सर? त्या न बघता टाइप करतात," तिनं विचारलं.

"त्या यंत्राचा कळपाट निराळा आहे, बेटी," ते म्हणाले. "आणि तपासणार कोण?"

घरी येऊन तिनं आपांना सगळं सांगितलं. आपांनी नव्या छपाईतलं अक्षर कसं आहे ते विचारलं. सुंदर आहे, तुमच्यासारखं आहे, मनिषा म्हणाली. आपांनी मान हलवली. मग लग्नातल्या साड्यांविषयी काहीतरी विचारायला लागल्या.

लग्न झालं. मनिषा इंदापूरला गेली. नागेश समजूतदार निघाला. पुढं तिनं तिथं मुलींसाठी कॉम्प्युटरचे क्लास काढले, तर त्यानं हौसेनं पाटी रंगवून आणली. प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या तिनं पेटीत टाकल्या आणि पुन्हा काढल्या नाहीत. नव्या मशीनवर तो चाललाही नसता.

आपांची नजर अठ्ठ्याण्णवपर्यंत पार गेली. भावानं बोलावलं तरी त्या त्याच्याकडं गेल्या नाहीत. शेजारची बाई भाकऱ्या टाकून द्यायची, बाकीचं त्या चाचपडत करायच्या. मनिषा जमेल तेव्हा एसटीनं बारामतीला यायची. एकदा तिनं पिशवीतून उर्दू पेपर काढला आणि वाचायला लागली. इंदापुरातल्या एका मौलवींच्या मुलीकडून ती तोपर्यंत वाचायला शिकली होती. अक्षरं ओळखीची होतीच, फक्त त्यांचे आवाज शिकायचे राहिले होते. अडखळत, शब्द तोडत, बातमी वाचत होती. कुठल्या तरी धरणात किती पाणी उरलंय त्याची बातमी.

आपा भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काचबिंदूचं की कशाचं, मनिषानं विचारलं नाही. एका शब्दाशी ती अडली, तेव्हा आपांनी तो सांगितला. पुढच्या ओळीत दुसरा चुकला, तोही दुरुस्त केला, वर्गातल्या आवाजात, जरा कडकच.

"पुन्हा वरनं वाच," त्या म्हणाल्या. "घाई करू नको."

मनिषानं बोट कागदाच्या उजव्या कडेला ठेवलं आणि वरच्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.